अस्सल कोणते आणि नक्कल कोणती?

गोदाकाठच्या सायखेड्याहून एका तरुण वाचकाने जो प्रश्न विचारला आहे, तो प्रथमदर्शनी केवळ संगणकाच्या व्यवसायातील मंडळींपुरता वाटला, तरी त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे ती दफ्तर, वही आणि हिशोब यांच्याशी ज्याचा संबंध येतो अशा प्रत्येकाच्या परिचयाची आहे. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार त्यांच्या गावी भरतो. तेथे कांदा खरेदी करणाऱ्या एका पेढीसाठी वजन, भाव आणि हिशोबपट्टी यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम ते टाइपस्क्रिप्ट भाषेत लिहीत आहेत आणि माहिती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवणार आहेत. या दोहोंना जोडण्यासाठी प्रिझ्मा, ड्रिझल आणि किसेली या 'टाइप-सेफ' म्हणून गाजणाऱ्या साधनांपैकी कोणते घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे. एखाद्या नावाची शिफारस करून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ही साधने ज्या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे देतात तो प्रश्न समजल्यावाचून केलेली शिफारस वर्षभरही टिकणार नाही.

प्रथम बाजारातील व्यवहारच जवळून पाहू. ट्रॅक्टरची ट्रॉली लिलावाच्या ओळीत उभी राहते आणि भाव क्विंटलला पुकारला जातो. सौदा झाल्यावर भरलेली गाडी भुईकाट्यावर जाते, खळ्यावर माल उतरतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन वजनांच्या वजाबाकीतून निव्वळ वजन निघते, तेही किलोत. भाव १,८५१ रुपये आणि वजन २,३४० किलो असेल, तर शेतकऱ्याचे ४३,३१३ रुपये ४० पैसे होतात; शंभराने भागण्याचे राहिले, तर ४३,३१,३४० रुपये होतात. इतकी ढोबळ चूक कोणताही दिवाणजी तत्क्षणी पकडील. परंतु भरलेल्या आणि रिकाम्या वजनांच्या मधल्या वेळात निव्वळ वजन शून्य नसून अज्ञात असते, आणि 'अज्ञात' व 'शून्य' यांतील भेद ज्या प्रोग्रामला कळत नाही, तो दिवसाच्या खरेदीची बेरीज चुकीची देतो आणि त्याचा कोणाला सुगावाही लागत नाही. प्रत्येक मूल्याचा प्रकार आधीच जाहीर करण्याची, म्हणजे टाइपांची, शिस्त हवी असते ती या दुसऱ्या जातीच्या चुकांसाठी.

अडचण अशी की, प्रोग्राम तपासणारा कंपायलर आणि माहिती सांभाळणारा डेटाबेस ही दोन स्वतंत्र संस्थाने आहेत. प्रोग्रामच्या हद्दीत कंपायलर रकमेच्या जागी नाव येऊ देत नाही. पण डेटाबेसला पाठवायची एसक्यूएल क्वेरी त्याच्या दृष्टीने निव्वळ अक्षरांची एक माळ असते. डेटाबेसमधील 'वजन' या रकान्याचे नाव कोणी बदलून 'निव्वळ_वजन' केले, तरी जुनी क्वेरी बाळगणारा प्रोग्राम निर्वेधपणे कंपाइल होतो आणि बाजाराच्या ऐन गर्दीत मोडून पडतो. या दोन संस्थानांमध्ये विश्वासार्ह तहनामा करून देणे हेच वर उल्लेखिलेल्या साधनांचे कार्य होय.

येथे एडगर कॉड या शास्त्रज्ञाचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते, कारण त्याची जी कल्पना जगाने स्वीकारली तिच्याइतकीच मोलाची दुसरी एक कल्पना अर्धवट सोडून देण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक असलेला, गणिताचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ पुढे आयबीएममध्ये गेला आणि सॅन होजे येथील प्रयोगशाळेत असताना जून १९७० मध्ये त्याने तो निबंध प्रसिद्ध केला, ज्याच्या पायावर आजच्या बँकांचे, रेल्वेच्या आरक्षणाचे आणि महसूल खात्याचेही डेटाबेस उभे आहेत. माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडावी, एवढेच त्यातून बहुतेकांनी घेतले. परंतु प्रत्येक रकान्यातील मूल्ये एका निश्चित संचातून, म्हणजेच 'डोमेन'मधून आलेली असतात, हे कॉडच्या व्याख्येचे अविभाज्य अंग होते. आणि पुढील लेखनात त्याने हेही आग्रहाने मांडले की, दोन रकान्यांत संख्याच आहेत एवढ्या कारणावरून त्यांची परस्परांशी तुलना होऊ देऊ नये, त्यांचे डोमेन एक आहे की नाही ते पाहावे. किलोंचे डोमेन निराळे, रुपयांचे निराळे, शेतकऱ्याच्या खातेक्रमांकाचे निराळे. आयबीएमचे तेव्हाचे चालते उत्पादन निराळ्या, श्रेणीबद्ध पद्धतीचे असल्यामुळे कॉडच्या विचाराला त्याच्याच संस्थेत उत्साहाने थारा मिळाला नाही. १९७४ मध्ये तेथील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झालेली भाषा मांडली. बॉइस त्याच वर्षी ऐन तारुण्यात निवर्तला. भाषा मात्र जगभर पसरली. त्या प्रसारात डोमेनचा अर्थ आकसत जाऊन 'पूर्णांक', 'दशांश', 'मजकूर' एवढाच, साठवणुकीपुरता, शिल्लक राहिला. ख्रिस डेट आणि ह्यू डार्वेन यांनी डोमेन म्हणजेच टाइप हे प्रतिपादन पुढे दीर्घकाळ लावून धरले. पण बाजारपेठेने ते फारसे मनावर घेतले नाही. आजही पोस्टग्रेसमध्ये डोमेन निर्माण करता येते आणि त्यावर अटी घालता येतात. परंतु किलोचे डोमेन आणि रुपयाचे डोमेन एकाच दशांश प्रकारावर बेतले, तर त्यांची बेरीज करण्यास तो हरकत घेत नाही.

हे ध्यानात घेतले म्हणजे 'टाइप-सेफ' या बिरुदाची व्याप्ती किती आणि मर्यादा कोणती हे स्पष्ट होते. ही साधने रकान्याचे नाव, त्याचा साठवणुकीचा प्रकार आणि तो रिकामा असू शकतो की नाही, या तीन गोष्टींची रुजुवात घालतात. हे लहान काम नव्हे. निव्वळ वजन रिकामे असू शकते अशी नोंद असेल, तर त्या शक्यतेचा विचार न करता केलेला गुणाकार टाइपस्क्रिप्टची काटेकोर तपासणी चालूच देत नाही, आणि वर सांगितलेली बेरजेची चूक मुळातच खुंटते. परंतु किलो आणि क्विंटल या दोन्ही संख्याच असल्यामुळे त्यांच्या गल्लतीबद्दल यांपैकी एकही साधन आपण होऊन चकार शब्द काढीत नाही. ती तजवीज प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच दोन निराळे टाइप घडवून करावयाची असते.

आता साधनांमधील खरा भेद पाहू; आणि त्यासाठी आपल्या महसुली दफ्तराइतका समर्पक दाखला मला दुसरा आढळत नाही. जमिनीची खरेदी किंवा वारस लागणे अशी घटना घडली, म्हणजे तलाठी सातबारावर एकदम खाडाखोड करीत नाही. गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची क्रमवार नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच अधिकार अभिलेखात बदल होतो. कोणता कागद अस्सल, कोणती त्याची नक्कल आणि बदल कोणत्या दाराने आत येणार, हे या पद्धतीत निर्विवाद असते. डेटाबेसच्या रचनेचे वर्णनही किमान दोन ठिकाणी असावे लागते, डेटाबेसमध्ये आणि प्रोग्राममध्ये. यांपैकी अस्सल कोणते मानावयाचे, या एका प्रश्नावर ही साधने विभागली गेली आहेत.

प्रिझ्माच्या पद्धतीत अस्सल हे तिसऱ्याच जागी, एका स्वतंत्र स्कीमा-फाइलीत, असते. तीवरून डेटाबेसचे फेरफार तयार होतात आणि टाइपस्क्रिप्टचे टाइपही. अमलात आलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद, मजकुरात मागाहून ढवळाढवळ झाली तर उघडकीस यावी अशा खुणेसह, डेटाबेसमध्येच एका तक्त्यात राहते. नव्याने आरंभलेल्या कामाला ही शिस्त फार उपकारक ठरते. ड्रिझलने स्वतंत्र फाइलीचा टप्पा वगळून तेच वर्णन टाइपस्क्रिप्टमध्ये लिहावयास लावले आहे, आणि त्याच्या क्वेऱ्या एसक्यूएलच्या घडणीला इतक्या जवळ आहेत की, एसक्यूएल जाणणाऱ्यास नवे फारसे काही शिकावे लागत नाही. सामी कोस्किमाकी या फिनलंडच्या प्रोग्रामरने निर्माण केलेले किसेली मुख्यतः क्वेरी रचते. रचनेचे वर्णन तुम्ही द्यावे, किंवा प्रत्यक्ष डेटाबेस वाचून ते तयार करणारे जोडसाधन वापरावे. जावाच्या जगात लुकास एडर यांच्या जूकने हाच मार्ग पूर्वीच प्रशस्त केला होता. त्यात डेटाबेस हेच अस्सल, आणि प्रोग्रामातील टाइप ही त्याची यंत्राने काढलेली नक्कल. चौथा पंथ त्याहूनही सरळ आहे. गो भाषेतील एसक्यूएलसी तुम्हाला शुद्ध एसक्यूएल लिहू देते आणि ती वाचून टाइप तयार करते; रस्ट भाषेतील एसक्यूएलएक्स तर कंपाइल होतानाच डेटाबेसशी संधान बांधून 'ही क्वेरी तुला मान्य आहे काय' अशी पृच्छा करते. साक्षात डेटाबेसच साक्षीला आणण्याची ही युक्ती मला या सर्वांत मनोज्ञ वाटते.

वर्णनावरून प्रोग्राम तयार करण्याची कल्पना गेल्या दहा वर्षांत उपजली, असा समज करून दिला जातो, त्याला मात्र माझी हरकत आहे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्रात विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आदी संशोधकांनी व्यवसायाच्या प्रतिमानावरून डेटाबेसशी बोलणारा प्रोग्राम आपोआप निर्माण करण्याचे काम १९९० च्या दशकातच हाती घेतले होते, आणि त्यातून 'मास्टरक्राफ्ट' ही साधनसंहती सिद्ध झाली. त्याच केंद्रात काम केलेले केशव नोरी हे त्यापूर्वी, १९७० च्या दशकात, झुरिच येथे निकलाउस विर्थच्या पास्कल भाषेचा तो कंपायलर घडविणाऱ्यांपैकी एक होते, ज्याच्यामुळे ती भाषा नाना जातींच्या यंत्रांवर पोहोचली. टाइपांची शिस्त सर्वसामान्य प्रोग्रामरच्या अंगवळणी पाडण्यात पास्कलचा वाटा मोठा होता. आणि १९८३ मध्ये टर्बो पास्कल लिहिणारा अँडर्स हायल्सबर्ग हाच २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट घेऊन आला. सायखेड्याचा तरुण आज जी भाषा लिहितो, तिच्या पूर्वपरंपरेत महाराष्ट्रात कार्य केलेल्या संशोधकाचा हात आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी आवर्जून सांगावयास हवे.

एक महत्त्वाचा मुद्दा उरतो. टाइपस्क्रिप्टचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होतानाच त्यातील टाइप लोप पावतात. प्रत्यक्ष आलेली माहिती वर्णनाबरहुकूम आहे की नाही हे पाहण्यास प्रोग्राम चालू असताना कोणी हजर नसते. पोस्टग्रेसमधील दशांश संख्या जावास्क्रिप्टकडे सोपविताना या दोहोंमध्ये माहितीची ने-आण करणारा नेहमीचा ड्रायव्हर ती मजकूर म्हणून देतो, कारण जावास्क्रिप्टची साधी संख्या दशांश अपूर्णांक आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पलीकडील पूर्णांक नेमकेपणाने धरून ठेवण्याची हमी देत नाही. किसेलीला हाताने वर्णन देताना कोणी त्या रकान्याला 'संख्या' म्हटले, तर कंपायलर ते खरे मानतो. मग वजन आणि भाव यांचा गुणाकार तर ठीक येतो, कारण गुणाकारासाठी जावास्क्रिप्ट मजकुराची संख्या करून घेते. परंतु दोन पट्ट्यांची बेरीज करू जाता ४३३१३.४० आणि २८१५०.०० ही अक्षरे एकापुढे एक चिकटून '४३३१३.४०२८१५०.००' असे विचित्र काहीतरी हाती येते. ड्रिझल अशा रकान्याचा टाइप मुळातच मजकूर असा जाहीर करते, आणि प्रिझ्मा दशांशासाठी स्वतंत्र वस्तू देते. येथे दोघांची दक्षता अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे.

सातबारा संगणकावर आला तेव्हा आपल्या राज्याने हाच धडा मोठ्या प्रमाणावर घेतला. हस्तलिखित आणि संगणकीकृत उताऱ्यांत तफावती राहिल्या होत्या. उतारा विहित नमुन्यात असला, प्रत्येक रकाना भरलेला असला, तरी त्यातील क्षेत्र खरे आहे की नाही हे नमुना सांगू शकत नव्हता. म्हणून गावोगाव चावडीवाचन झाले, खातेदारांसमोर उतारे वाचून दाखविण्यात आले, आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमादांच्या दुरुस्त्या करण्यात आल्या. प्रोग्रामच्या वेशीवरही असे चावडीवाचन हवे. बाहेरून येणारे प्रत्येक मूल्य आत घेण्यापूर्वी चालत्या प्रोग्रामनेच तपासले पाहिजे, आणि खुद्द डेटाबेसमध्ये 'रिकामे चालणार नाही', 'रिकाम्या गाडीचे वजन भरलेल्या गाडीच्या वजनाहून कमी असलेच पाहिजे' अशा अटी घातल्या पाहिजेत. त्या अटी कोणत्याही भाषेतल्या, कोणत्याही साधनाने लिहिलेल्या प्रोग्रामला सारख्याच लागू पडतात, आणि साधने बदलली तरी त्या कायम राहतात.

तेव्हा वाचकांना माझे उत्तर असे. पेढीचा डेटाबेस आधीच अस्तित्वात असेल आणि त्यावर दुसरेही प्रोग्राम चालत असतील, तर डेटाबेसलाच अस्सल मानावे आणि त्यावरून यंत्राने काढलेल्या टाइपांसह किसेली घ्यावे. वर्णन हाताने लिहू नये. काम कोरे असेल आणि करणारे दोघे-तिघेच असतील, तर प्रिझ्मा किंवा ड्रिझल यांपैकी कोणतेही चालेल. एसक्यूएल चांगले येत असेल तर ड्रिझल, फेरफारांची शिस्त साधनाने लावावी असे वाटत असेल तर प्रिझ्मा. मात्र निवड कोणतीही होवो, तत्पूर्वी एका कागदावर प्रत्येक रकान्यासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: त्याचे एकक कोणते, तो केव्हा रिकामा असू शकतो, आणि त्यातील मूल्य कोण प्रमाणित करतो. किलो, क्विंटल, रुपये आणि पैसे यांना प्रोग्राममध्ये निरनिराळे टाइप द्यावेत. कॉडने मागितलेले आणि उद्योगाने अर्धे सोडून दिलेले काम ते हेच, आणि ते पुरे करण्यास कोणत्याही नव्या साधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.