९०२ बांबू आणि एक ऑर्गन

बासरी हातात घेतलीये कधी? पोकळ बांबू, एक फुंकर आणि सूर तयार! आता अशा ९०२ बांबूच्या नळ्या एकाच वाद्यात बसवल्यात, असं समजा. हे वाद्य खरंच आहे. फिलिपिन्समध्ये, मनिलाजवळच्या लास पिन्यास इथल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये.

आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन म्हणजे पायपेटी. तिचा सूर धातूच्या रीडमधून निघतो. पाइप ऑर्गनमध्ये मात्र प्रत्येक सुराला वेगळी नळी असते. पट्टी दाबली की भात्यातली हवा त्या नळीत शिरते. नळी लांब असेल तर सूर खर्जातला, आखूड असेल तर वरचा.

दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूंनी १८१६ मध्ये हे काम हाती घेतलं. कीड लागू नये म्हणून बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले. तुतारीसारखा आवाज काही बांबूतून निघेना. मग त्यांनी धातूच्या १२९ नळ्या जोडल्या आणि १८२४ मध्ये १०३१ नळ्यांचा ऑर्गन पूर्ण झाला.

पुढे भूकंप झाले, वादळं आली, पाणी गळलं. ऑर्गन कित्येक वर्षं मुकाच राहिला. शेवटी १९७३ मध्ये तो सुटा करून जहाजाने जर्मनीला, बॉनच्या 'क्लाइस' या ऑर्गन बांधणाऱ्यांकडे पाठवला. पण तिथल्या कोरड्या हवेत बांबू तडकला तर? म्हणून त्याच्यासाठी खास खोली केली, आत फिलिपिन्ससारखी दमट, उबदार हवा! १९७५ मध्ये तो गाता होऊन घरी परतला. १९७६ पासून तिथे दर फेब्रुवारीत बांबू ऑर्गन महोत्सव भरतो.

खरी गंमत पुढेच आहे. त्या वेळी ऑर्गन दुरुस्तीसाठी सातासमुद्रापार न्यावा लागला होता. नंतर लास पिन्यासचाच एक तरुण युरोपात ही कला शिकून आला आणि १९९४ मध्ये गावातच 'दिएगो सेरा ऑर्गनबिल्डर्स' ही कार्यशाळा उभी राहिली. २००३-०४ मध्ये बांबू ऑर्गनची मोठी दुरुस्ती निघाली, तेव्हा ती याच कार्यशाळेने केली. जहाजाची गरजच पडली नाही.

तुमच्या घरी माळ्यावर भाता फाटलेली आजोबांची पेटी पडलीये? भंगारात देण्याआधी पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना दाखवा. आणि जमलंच तर तासभर त्यांच्या शेजारी बसून बघा, ते नेमकं काय करतात.