औषध लावलेले बी आणि पोटातले बाळ

पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. पण पेरून उरलेले बी कुठे जाते? ते पिठात गेले तर काय होते, हे इराकमधील शेतकऱ्यांनी भोगले आहे.

१९७१ साली तेथे मेक्सिकोहून गव्हाचे बियाणे आले. त्याला पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले होते. पोत्यांवरील सूचना परक्या भाषेत होत्या. कित्येक गावांत बी पोचले तेव्हा पेरणी उरकली होती. मग घरोघर त्याच्या रोट्या झाल्या. धुतल्यावर बियाण्याचा लाल रंग गेला. लोकांना वाटले, विषही गेले. काही आठवड्यांनी हातपाय बधिर होऊ लागले. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली, त्यांतली ४५९ दगावली. काही गर्भार बायांना स्वतःला फारसा त्रास झाला नाही, पण त्यांची बाळे मात्र मेंदूने अधू निपजली.

असे का व्हावे? पोटात बाळाचा मेंदू घडतो तेव्हा त्याच्या पेशी आतल्या बाजूला जन्मतात आणि सरकत सरकत बाहेरच्या थरांत आपापल्या जागी जातात. वाफ्यातली रोपे शेतात ओळीने लागावीत, तसेच हे. जागेचा निरोप ‘रीलिन’ नावाचे प्रथिन देते. तो निरोप पकडणारी प्रथिने पेशीच्या अंगावर असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही पेशीच्या आत तयार होतात. तेथून त्यांना बाहेर आणण्यासाठी पेशीत बारीक नळ्यांचे रस्ते असतात आणि ‘कायनेसिन’सारखी प्रथिने त्यांवरून हमालासारखी माल वाहतात. पेशी स्वतः सरकते तीही याच नळ्यांच्या आधाराने.

पारा या नळ्यांच्या प्रथिनालाच चिकटतो आणि नळ्या मोडतात. रस्ता उखडला, की माल अडतो आणि पेशी वाटेतच राहते. पाऱ्याची बाधा झालेल्या दोन बाळांच्या मेंदूंची तपासणी १९७८ साली प्रसिद्ध झाली. त्यांत पेशी भलत्याच जागी आढळल्या. रोप चुकीच्या जागी लागले तर उपटून लावता येते. मेंदूच्या पेशीला ती सोय नाही.

औषधे निरनिराळी असतात, पण नियम एकच. उरलेले बी खूण करून कुलपात ठेवा. ते धुऊन, भाजून वा दळून खाऊ नका. गुराकोंबड्यांनाही घालू नका. त्याच्या रिकाम्या पोत्यात धान्य भरू नका. घरात कोणी गर्भार असेल, तर औषध चोळण्याचे काम तिला मुळीच सांगू नका. चुकून कोणी असले बी खाल्लेच, तर त्रास होण्याची वाट न पाहता औषधाचे वेष्टन घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.