होट्टल : ग्रामनाम आणि सिद्धेश्वर मंदिर

नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यातील होट्टल हे गाव आज लहान असले, तरी तेथील सिद्धेश्वर मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या शिल्पवैभवाची साक्ष देत उभे आहे. गर्भगृह, अंतराळ व सभामंडप अशी त्याची रचना असून बाह्य भिंतींवर सुरसुंदरींच्या मूर्ती आहेत. कोरीव लेखांत या स्थळाचे नाव ‘पोट्टल’ असे येते. ‘पोट्टल’चे ‘होट्टल’ कसे झाले, हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. या भूभागातील सामान्य जन तेव्हा कोणती भाषा बोलत होते, या प्रश्नाशी तो निगडित आहे.

देगलूरच्या परिसरात मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांच्या सीमा जवळ येतात. यांपैकी मराठीत शब्दारंभीचा ‘प’ टिकतो : पर्ण–पान, पुत्र–पूत. तेलुगूतही तो टिकतो. दुधाला ‘पालु’ व वाघाला ‘पुलि’ हेच शब्द तेथे आहेत. कन्नडात मात्र ‘प’चा ‘ह’ होतो. जुने ‘पाल्’, ‘पुलि’, ‘पळ्ळि’ हे शब्द पुढे ‘हालु’, ‘हुलि’, ‘हळ्ळि’ झाले. हा पालट दहाव्या शतकापासून दिसू लागतो व पुढील काही शतकांत रूढ होतो. अर्थात ‘होट्टल’ हे रूप कन्नड मुखातूनच आलेले असले पाहिजे.

दुसरे प्रमाण ‘ट्ट’ या जोडाक्षराचे. मराठीत द्वित्व लोपून मागील स्वर दीर्घ होतो. सप्त–सत्त–सात हे त्याचे परिचित उदाहरण होय. राष्ट्रकूटांच्या बिरुदातील ‘लत्तलूर’ याच मार्गाने ‘लातूर’ झाले. होट्टलमधील द्वित्व मात्र अबाधित आहे. यावरून हे नाव मराठीने तो नियम ओसरल्यानंतर स्वीकारले, असे अनुमान निघते.

कन्नड शिलालेख आढळला, तर त्यावरून राजदरबाराची भाषा कळते. लोकभाषा कळतेच असे नाही. उच्चारातील पालट मात्र राजाज्ञेने होत नाही, तो बोलणाऱ्यांच्या जिभेवर होतो. तो गावकऱ्यांच्या जिभेवर झाला की शेजाऱ्यांच्या, हे एका नावावरून ठरत नाही. त्यासाठी परिसरातील ग्रामनामे, शेतांची व शिवारांची नावेही तपासली पाहिजेत. मंदिराचे जतन होऊ शकते. बोलण्यातून लोपलेले शिवाराचे नाव मात्र पुन्हा मिळत नाही.