कवळीतील चाव्याची उंची

कवळीतील चाव्याची उंची : सर्व दात गेलेल्या व्यक्तीच्या कवळीतील वरचे व खालचे दात मिटले असता दोन जबड्यांमध्ये राहणारे उभे अंतर. नैसर्गिक दात असेतोवर ते दातच राखतात. ते पडल्यावर मोजण्याचा आधार नाहीसा होतो आणि हिरड्यांखालील हाड झिजून हनुवटी नाकाकडे सरकते.

रूढ पद्धतीत नाकावर व हनुवटीवर एकेक खूण करतात. रुग्ण ताठ बसून ‘म’ उच्चारतो किंवा आवंढा गिळून जबडा सैल सोडतो. या विश्रामस्थितीत दात टेकत नाहीत. त्यांच्यात सामान्यतः २ ते ४ मिमी. फट असते. मोजलेल्या अंतरातून ती वजा करून मेणाचे कठडे तासतात. निसवाँगर या अमेरिकन दंतवैद्यांनी १९३४ मध्ये ही फट बहुतेकांत सु. ३ मिमी. असल्याचे दाखविले. तथापि डोक्याची ठेवण, थकवा व वेदना यांमुळे विश्रामस्थिती बदलते, त्वचेवरील खुणाही हलतात. त्यामुळे केवळ वजाबाकीवर विसंबणे धोक्याचे असते. दात असतानाची छायाचित्रे उपलब्ध असल्यास ती फार उपयोगी पडतात.

सिल्व्हरमन यांनी १९५३ मध्ये उच्चाराची कसोटी मांडली. ‘स’ उच्चारताना दात अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. त्यासाठी इंग्रजी भाषकास साठापासून अंक मोजावयास सांगतात. मराठीतही ही मोजणी सोयीची आहे. साठ, एकसष्ट, बासष्ट अशा प्रत्येक शब्दात ऊष्म वर्ण येतो. मोजताना दात वाजल्यास उंची जास्त झाली असे समजावे.

उंची जास्त झाल्यास ओठ ताणून मिटावे लागतात, हिरड्या दुखतात व हाडाची झीज वाढते. कमी झाल्यास गाल बसतात, चावण्याचा जोर घटतो आणि ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साठून चिरा पडतात. सुरकुत्या जाव्यात म्हणून उंची वाढविण्याचा आग्रह काही रुग्ण धरतात. तो मानू नये. जुनी, झिजलेली कवळी अनेक वर्षे वापरणाऱ्याची उंची एकदम न वाढविता टप्प्याटप्प्याने वाढविणे श्रेयस्कर.

नवी मुंबईत नेरुळ, खारघर व कामोठे येथे दंतमहाविद्यालये असून बोनकोडे, कोपरखैरणे या भागांतील रुग्णांना ती जवळ पडतात. संपूर्ण कवळी बनविणे हा तेथील विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा भाग असतो. मेणात दात बसवून कवळी तोंडात घालून पाहतात, त्या भेटीत रुग्णाने मोकळेपणी बोलून, गिळून पाहणे आवश्यक असते. कारण मेणाच्या जागी ॲक्रिलिक आल्यावर उंचीतील मोठी चूक बहुधा दात नव्याने बसविल्याशिवाय दुरुस्त होत नाही.