पहिलीचा वर्ग, पंचवीस टक्के जागा आणि गुणवत्तेचा प्रश्न

दरवर्षी पहिलीच्या प्रवेशाचे अर्ज निघाले की संध्याकाळी विहारात पालकांची गर्दी होते. कोणाच्या हाती जन्मदाखला, कोणाच्या हाती लाईटबिल, कोणाच्या हाती भाडेकरार. अर्ज भरता भरता एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो विचारणारे परकेच असतात असे नाही. बँकेत नोकरीस असलेल्या आमच्याच एका बांधवाने विचारले, "जी शाळा सरकारचे अनुदान घेत नाही, तिने कोणाला घ्यावे हे सरकारने का सांगावे? आणि आपली मुले पुन्हा सवलतीची म्हणून का बसवावीत?" प्रश्न प्रामाणिक आहे. सभेत टाळ्या घेणाऱ्या वाक्यांनी त्याचे उत्तर होत नाही. म्हणून स्मरणिकेची ही दोन पाने.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत फी न घेता शिकवायचे. त्या खर्चाची भरपाई शासनाने शाळेला करायची. अर्ज जागांहून अधिक आले तर सोडत निघते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले आहे.

आता गुणवत्ता. सहा वर्षांच्या मुलाची गुणवत्ता म्हणजे नेमके काय? पूर्वी नावाजलेल्या शाळांतून मुलाखती होत. मुलाला रंग ओळखायला सांगत आणि आईबापांना शिक्षण, हुद्दा, पगार व घरात बोलली जाणारी भाषा विचारीत. परीक्षा मुलाची नव्हती, घराची होती. म्हणूनच कलम १३ ने अशा चाळणीला व देणगीला बंदी केली. चाळणी लावणाऱ्या शाळेला पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत व त्यापुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तेव्हा या २५ टक्के जागांनी एखाद्या हुशार मुलाची जागा हिरावली हे म्हणणे टिकत नाही. उरलेल्या ७५ टक्के जागा तरी कोठे हुशारीवर भरतात? त्या फी भरण्याच्या ऐपतीवर भरतात. ऐपतीला गुणवत्ता म्हणण्याची सवय मात्र आपल्या समाजात फार जुनी आहे.

शाळांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले ते दोन विरुद्ध एक मतांनी. न्यायमूर्ती राधाकृष्णन यांनी वेगळे मत दिले, त्याचा रोख असा की शिक्षण देण्याचे कर्तव्य राज्याचे आहे, ते विनाअनुदानित संस्थेच्या माथी मारता येणार नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. पण ज्या संस्थेला राज्य मान्यता देते, जी अनेकदा सवलतीच्या भूखंडावर उभी असते व न्यास म्हणून करातून सूट घेते, तिला "आमचे आम्ही" असे म्हणता येते काय? शासनाचा दोष वेगळाच आहे. प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर मिळत नाही. २०१९-२० साली ती एका मुलामागे जास्तीत जास्त १७,६७० रुपये होती आणि तीही थकत असे. शाळा त्याचा राग मुलावर काढतात. भांडण शासनाशी आणि शेवटचा बाक मुलाला, हे आम्ही पाहिले आहे.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी तर राज्य शासनाने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट! शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची शाळा नाही अशी खाजगी शाळा शोधूनच काढावी लागेल. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, म्हणून हा दरवाजा आज उघडा आहे.

एकत्र बसल्याने काय साधते, हे कोणी मोजले आहे काय? मोजले आहे. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतील खाजगी शाळांचा अभ्यास केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब सहाध्यायी लाभलेली श्रीमंत घरची मुले अधिक उदार झाली व गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, असे त्यात आढळले. हिंदी व गणितात त्यांचे नुकसान झाले नाही. इंग्रजीचे गुण थोडे घसरले आणि वर्गात शिवराळपणा थोडा वाढला. आम्ही हेही सांगतो, कारण लपविण्यासारखे त्यात काही नाही. सातारच्या शाळेत बाल भीमरावांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले. शिक्षण त्यांना त्याही वर्गात मिळत होते. नव्हती ती इतरांच्या शेजारची जागा.

आता आपल्या घरातले. अनुसूचित जातीच्या पालकाला या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे बँकेतल्या बांधवाचे मूल आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याचे मूल एकाच सोडतीत. सोडत आंधळी असते, पण सोडतीपर्यंत पोचण्याचा रस्ता आंधळा नाही. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. तरी दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. नोकरदाराने तो केव्हाच काढून ठेवलेला असतो. गवंड्याचे कागद गावी, आजोबा शाळेत गेलेले नाहीत, आणि अर्जाची मुदत संपत आलेली. ज्याला फी परवडते त्याने, कायदा परवानगी देत असला तरी, या रांगेत उभे राहू नये असे आमचे मत आहे. कार्यकारिणीत यावर कडाक्याचा वाद झाला. जात पगार पाहून पाठ सोडत नाही, असे काही सभासदांचे म्हणणे पडले, आणि तेही खोटे नाही. ठराव झाला नाही. सदर बांधवाने मात्र यंदा अर्ज भरला नाही. उलट तीन संध्याकाळी बसून दुसऱ्यांचे अर्ज भरून दिले.

आठवीनंतर फी सुरू होते, तो आणखी एक प्रश्न आहेच. तूर्त दाखल्यांचे काम. अर्ज सुटण्याच्या तीन महिने आधीपासून दर रविवारी वंदनेनंतर विहारात कार्यकर्ते बसतील. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला असल्यास आणावा. नसल्यास आजोबांच्या गावाचे व तालुक्याचे नाव सांगावे. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीची नक्कल तहसील कचेरीतून काढण्याचा प्रयत्न मंडळ करील.