बहिऱ्या कानातील गाणे

वार्धक्यात दृष्टी मंदावली म्हणजे घरातील मंडळी तत्काळ चष्म्याची व्यवस्था करितात. परंतु ऐकू कमी येऊ लागले की ‘आता वय झाले’ एवढे बोलून सर्व जण स्वस्थ बसतात. या उपेक्षेचा एक चमत्कारिक परिणाम काही वृद्धांस भोगावा लागतो, आणि त्याविषयी ते बहुधा कोणाजवळ चकार शब्द काढीत नाहीत. कोठेही वाजत नसलेले संगीत ऐकू येणे, हा तो परिणाम होय. ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथे याची माहिती असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा प्रकार सामान्यतः असा घडतो. रात्री निजानीज होते, घर शांत होते, आणि आजीबाईंना शेजारी भजन चालले आहे असे वाटू लागते. टाळ, पेटी, गाणाराचा आवाज, सारे स्पष्ट. खिडकी लावली तरी ते थांबत नाही. सुनेस विचारावे, तर तिला काहीच ऐकू येत नाही. पुष्कळदा तेच ते कडवे अव्याहत चालते. गाणे मनात घोळते तेव्हा ते मनातले आहे हे आपण जाणतो. येथे ते बाहेरून येते अशी खात्री वाटते. गाणीही बहुधा जुनी, लहानपणापासून कानी पडलेली असतात: आरती, अभंग, जात्यावरची ओवी किंवा एखादे नाट्यपद.

अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक म्हणते, म्हातारपणाने बुद्धिभ्रंश झाला. दुसरे म्हणते, पुण्याई फळास आली. दुसऱ्या मतास आमच्या भागात विशेष आधार मिळतो. २०२४ साली अहिल्यानगर असे नाव पावलेल्या नगर जिल्ह्यातच प्रवरातीरी नेवासे आहे. तेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब आजही भाविक पाहतात. त्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनात अनाहत नादाचा उल्लेख येतो. योग्यांच्या अनुभवाविषयी मत देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु तो नाद दीर्घ साधनेचे फळ म्हणून सांगितला आहे. ज्या माणसाला समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही आणि न वाजणारी आरती मात्र ऐकू येते, त्याच्या बाबतीत प्रथम कान तपासणे हेच शहाणपणाचे. त्याने श्रद्धेस काही उणेपणा येत नाही.

असे का व्हावे? अंतःकर्णात शंखाकृती नलिकेत सुमारे १५ हजार सूक्ष्म केसल पेशी असतात. ध्वनीच्या लहरींचे त्या मज्जासंदेशात रूपांतर करितात. वयाने किंवा गोंगाटाने त्या नष्ट झाल्या म्हणजे मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत, आणि मेंदूकडे जाणारा संदेश तुटपुंजा होतो. मेंदू मात्र स्वस्थ बसणारा नव्हे. पुढे काय ऐकू येईल याचा अंदाज तो सतत बांधीत असतो. बाहेरून वार्ता येईनाशी झाली म्हणजे तो आपल्या कोठारातील जुना माल बाहेर काढतो. गाण्याची चाल ठराविक, वारंवार फिरून येणारी. म्हणून ती त्याला सहज सापडते, असे शास्त्रज्ञ समजतात.

दृष्टीच्या बाबतीत हाच प्रकार पूर्वीच नोंदला गेला आहे. जिनीव्हाचे शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांविषयी लिहिले. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, बुद्धी शाबूत होती, तरी त्यांस माणसे व पक्षी दिसत. कानांविषयी केंब्रिजचे बेरिओस यांनी १९९० साली ४६ रुग्णांची माहिती एकत्र पाहिली. तेव्हा वार्धक्य, बहिरेपणा आणि स्त्रीत्व यांचा संबंध ठळकपणे आढळला. पुढे २००० साली इंग्लंडमधील ग्रिफिथ्स यांनी अशा सहा बहिऱ्या वृद्धांच्या मेंदूची चित्रे घेतली. खरे संगीत ऐकताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, त्यांच्यासारखेच जाळे तेथे जागृत दिसले. म्हणजे आजीबाई खोटे बोलत नाहीत. त्यांच्या मेंदूपुरते ते गाणे खरेच वाजत असते.

बहिरेपणाची कारणे आपल्या जिल्ह्यात शोधण्यास दूर जावे लागत नाही. साखर कारखान्यांतील यंत्रांची घरघर, लष्करी सरावातील तोफांचे आवाज, लग्नांतील व मिरवणुकांतील कर्णकर्कश ध्वनिवर्धक, ही सारी केसल पेशींची शत्रू आहेत. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनसारख्या औषधांनीही काहींचे कान गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे १५० कोटी लोकांस कमीअधिक श्रवणदोष आहे.

उपाय साधा आहे. प्रथम कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून कानातील मळ व पडदा तपासून घ्यावा आणि श्रवणाची मोजणी करवावी. जिल्हा रुग्णालयात किंवा लोणी येथील प्रवरेच्या रुग्णालयात त्यासाठी जाता येईल. घरी कानात तेल ओतणे किंवा काडी घालणे सर्वथा टाळावे. आवश्यक वाटल्यास श्रवणयंत्र घ्यावे. खरे आवाज पुन्हा मेंदूस मिळू लागले म्हणजे पुष्कळांचे हे गाणे मंदावते किंवा थांबते. रात्री खोलीत अगदी निःशब्द शांतता न ठेविता हलका रेडिओ किंवा पंखा चालू ठेवल्यानेही आराम पडतो. नवे औषध सुरू झाल्यावर हा प्रकार उद्भवला असेल, तर डॉक्टरांस तेही सांगावे.

मात्र काही लक्षणे असतील तर विलंब करू नये. एक-दोन दिवसांत अकस्मात बहिरेपणा आला, एकाच कानात त्रास सुरू झाला, हातपाय लुळे पडले, झटका आला, मनुष्य भ्रमिष्टासारखे बोलू लागला किंवा गाण्याऐवजी आज्ञा करणारे, शिव्या देणारे आवाज ऐकू येऊ लागले, तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

सर्वांत मोठे कर्तव्य घरच्यांचे आहे. आपणांस वेड लागले असे लोक म्हणतील, या भीतीने वृद्ध मनुष्य मुकाट्याने रात्री काढतो. हळूहळू तो पंगतीत, गप्पांत, नातवंडांत येईनासा होतो. त्याच्यासमोर बसून, आपल्या तोंडावर उजेड येईल अशा रीतीने, संथपणे बोलावे, ओरडू नये. आणि ‘सासूबाई, तुम्हांला रात्री कधी गाणे वगैरे ऐकू येते का?’ असा प्रश्न सुनेने सहज विचारावा. उत्तर ‘होय’ आले तर हसू नये, घाबरूही नये. ‘असे पुष्कळांना होते, उद्या आपण कान दाखवून येऊ,’ एवढे एक वाक्य त्या म्हाताऱ्या जिवाच्या मनावरील केवढे ओझे उतरवील, याची कल्पना वाचकांनीच करावी.