वर्धा जिल्ह्यातील कुरणांची चराई क्षमता : मापन आणि मर्यादा

प्रस्तावना :
वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) या तालुक्यांतील उथळ, मुरमाड टेकड्या शेतीपेक्षा चराईस अधिक अनुकूल आहेत. याच परिसरात नंद गवळी समाजाने गवळाऊ गोवंशाचे जतन केले. ई-क्लास जमीन, झुडपी जंगल आणि वनक्षेत्र हे या पशुपालनाचे आधार होत. त्यामुळे कुरणावर किती जनावरे पोसली जाऊ शकतात, या प्रश्नाचे उत्तर पशुपालकांच्या उपजीविकेशी निगडित आहे.

वनस्पतींचे सर्वेक्षण :
दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार मांडले. दख्खन व मध्य भारतातील कुरणे त्यांपैकी सेहिमा-डायकँथियम प्रकारात मोडतात. पवन्या व मारवेल ही त्यातील पौष्टिक बहुवार्षिक गवते होत. अतिचराईमुळे ती मागे पडतात आणि कुसळीचे प्रमाण वाढते. कुसळी कोवळेपणी खाल्ली जाते. कुसळे धरल्यावर जनावरे ती टाळतात. तिखाडी तिच्या उग्र वासाच्या तेलामुळे सहसा खाल्ली जात नाही. तरोट्यासही जनावरे तोंड लावत नाहीत. म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस १ चौरस मीटरचे नमुना-चौकोन यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांतील वनस्पती जातवार कापणे, वाळवणे व तोलणे आवश्यक ठरते.

क्षमतेचे गणित :
उदाहरणादाखल, प्रति चौरस मीटर सरासरी २०० ग्रॅम, म्हणजेच हेक्टरी २,००० किलो शुष्क पदार्थ मिळाला असे मानू. मुळांची वाढ, बीजधारणा व मृदासंरक्षण यांसाठी त्यातील निम्मा भाग राखून ठेवल्यास १,००० किलो उरतो. ३०० किलो वजनाच्या गायीस वजनाच्या २.५ टक्के, म्हणजे दररोज ७.५ किलो व वर्षाला सुमारे २,७४० किलो शुष्क चारा लागतो. या हिशेबाने १०० हेक्टरांवर ३६ गायी पोसल्या जातील. तथापि, एकूण वजनात तिखाडी व तरोटा यांचा वाटा ३० टक्के असल्यास ही संख्या २५ वर येते. कुरण वरकरणी तेवढेच हिरवे दिसते. मात्र ११ गायींचा चारा त्यात नसतो.

मर्यादा :
हे गणित दोन्ही बाजूंनी चुकू शकते. सुगीनंतर जनावरे शेतात चरतात, त्यांना कडबा व कुटारही मिळते. त्यामुळे वर्षभराचा भार कुरणावर टाकल्यास क्षमता वास्तवापेक्षा कमी दिसते. याउलट, कागदोपत्री असलेले सर्व क्षेत्र चराईस खुले असतेच असे नाही. १९७० मध्ये घोषित झालेल्या बोर अभयारण्यास २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी विदर्भातील झुडपी जंगल जमिनी वनजमिनी मानल्या. एखादे क्षेत्र चराईस बंद झाले तरी जनावरांची संख्या लगेच घटत नाही. उरलेल्या कुरणावरील भार मात्र वाढतो.

समारोप :
चराई क्षमता हा जमिनीचा स्थिर गुणधर्म नव्हे. खाद्य वनस्पती, ऋतू, पर्जन्यमान व प्रत्यक्ष प्रवेश यांवर ती अवलंबून असते. म्हणून एका वर्षाच्या मापनावरून कायमचा निर्णय घेणे योग्य ठरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने चराई हा सामुदायिक हक्क मानला आहे. ग्रामसभेने हा हक्क वापरताना, कोणते गवत केव्हा खाल्ले जाते हे जाणणाऱ्या गवळ्यांना सर्वेक्षणात सहभागी करून घेतल्यास कुरण व गवळाऊ या दोहोंच्या संरक्षणास विश्वासार्ह आधार लाभेल.